उडतं वडाप: सिड मीड यांची पद्धत आणि सांगलीतला एक देखावा

सांगलीच्या गावभागातल्या एका गणेश मंडळाने देखाव्याला 'सांगली २०७५' हा विषय घेतला, तेव्हा दोन दिवसांत कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर पन्नासेक चित्रं गोळा झाली. सगळ्या चित्रांत एकच रात्र. भुरभुर पाऊस, ओला रस्ता, गुलाबी-निळ्या पाट्या, पाट्यांवर जपानी अक्षरं आणि दोन उंच इमारतींच्या फटीतून निघालेली उडती गाडी. काही चित्रं गेममधली, काही वॉलपेपर, काही जाहिरातींतली. चित्रकार वेगळे, देश वेगळे, रात्र मात्र तीच.

ही रात्र आली कुठून, हे आधी सांगायला हवं: ती आली 'ब्लेड रनर' या सिनेमातून, त्यातलं शहर कागदावर उतरवणाऱ्या सिड मीड या चित्रकाराकडून. मंडळाचं पहिलं काम फसलं ते हा प्रश्न कुणी विचारलाच नाही म्हणून.

सिड मीड यांचा जन्म १८ जुलै १९३३ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलचा. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटरमधून ते शिकून बाहेर पडले आणि फोर्ड कंपनीत पुढच्या काळातल्या गाड्यांची रूपं रेखाटणाऱ्या विभागात लागले. दोनेक वर्षांत ती नोकरी सोडली. मग यूएस स्टीलसाठी पोलादातून उद्या काय घडवता येईल याची चित्रं काढली, १९७० साली डेट्रॉइटला स्वतःची कंपनी काढली, फिलिप्ससारखी गिऱ्हाइकं सांभाळली. सिनेमात येण्याआधी दीड-दोन दशकं त्यांनी कारखानदारांसाठी हात चालवला. कारखानदार चित्र बघून नुसतं 'छान' म्हणत नाही. दार कुठल्या बाजूला उघडतं, माणूस आत कसा बसतो, पत्रा कुठे वाकतो, हे तो विचारतो. मीड यांच्या चित्रांत ही उत्तरं आधीच असायची.

१९८२ च्या 'ब्लेड रनर'साठी दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी त्यांना घेतलं ते फक्त गाड्या काढायला. मीड यांनी गाडी कोऱ्या कागदावर काढलीच नाही. गाडी ज्या रस्त्यावर उभी राहणार तो रस्ता, त्यावरची गर्दी, पाट्या, वाफ, ओलावा, सगळ्यासकट काढली. ती चित्रं पाहून काम वाढत गेलं आणि रस्ते, इमारती, घरांचे अंतर्भागही त्यांच्याकडे आले. श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे 'व्हिज्युअल फ्युचरिस्ट' असा हुद्दा लागला. त्याच वर्षीच्या 'ट्रॉन'मधली उजेडाची भिंत मागे सोडत पळणारी दुचाकी, 'एलियन्स'मधलं सुलाको हे अवकाशयान, १९९९ च्या जपानी 'टर्न ए गंडम' मालिकेतला यंत्रमानव, ही सगळी त्यांचीच. ३० डिसेंबर २०१९ रोजी ते गेले.

'ब्लेड रनर'मधल्या शहरामागे एक साधा हिशेब आहे. जुनी इमारत पाडून नवी बांधणं परवडत नाही. म्हणून लोक जुन्यावरच नवं चढवतात: भिंतीबाहेरून पाइप, छतावर यंत्रं, खिडकीतून केबल. चित्रीकरणही बरबँक इथल्या स्टुडिओच्या आवारातल्या जुन्या न्यूयॉर्क रस्त्याच्या सेटवर झालं आणि त्याच्याच अंगावर हे थर चढवले गेले. गुलाबी दिवे आणि पाऊस नंतरचे, आधी हा हिशेब. नक्कल करणाऱ्यांनी दिवे उचलले, हिशेब तिथेच ठेवला. गेली चाळीस वर्षं हेच चाललंय आणि सांगलीतही पहिल्या फेरीत हेच झालं.

पहिली फेरी

मंडपाची जागा दर्शनी १८ फूट, खोली १४ फूट, उंची १२ फूट. रंगमंच रस्त्यापासून अडीच फूट वर. पहिल्या आराखड्यात मागे १८ बाय १० फुटांचा फ्लेक्स, पुढे चंदेरी रंगाचे पुठ्ठ्याचे मनोरे, कडांना एलईडी पट्ट्या, जपानी अक्षरांच्या चार पाट्या, छताला फिरती गोल गाडी आणि मधोमध मूर्ती. दोन रात्री खपून अर्धं उभं केलं आणि दिवे लावले. दिसायला चकचकीत होतं, पण ते सांगलीचं नव्हतं. समोरच्या दुकानदारांनी विचारलं, "हे मुंबईचं मॉलचं डेकोरेशन आणलंय का?" कार्यकर्ते खट्टू झाले, पण प्रश्न नेमका होता.

दोष तीन होते.

पहिला दोष क्षितिजरेषेचा. फ्लेक्सवरच्या चित्राचं क्षितिज रंगमंचापासून साधारण सहा फुटांवर आलं होतं. रस्त्यावर उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे रंगमंचापासून अडीच फुटांवर असतो. दोन्हींत साडेतीन फुटांचा फरक पडला, की शहर दूर जात नाही. भिंतीला चिकटवलेला कागद दिसतो.

दुसरा दोष उजेडाचा. पट्टीचे ठिपके थेट डोळ्यांत जात होते. जिथे प्रत्येक कड उजळते तिथे काहीच उठून दिसत नाही. त्यात गुलाबी-निळ्या झोतात मूर्तीचे रंग पार बिघडले. निळ्या उजेडात पिवळं पीतांबर काळपट पडतं, कारण पिवळ्या रंगाला परतवायला लागणारा लाल-हिरवा उजेड त्या झोतात नसतोच. मंडळातल्या जुन्या मंडळींनी यावर सरळ हरकत घेतली आणि ती रास्तच होती.

तिसरा दोष सगळ्यात मोठा: कुठल्याच गोष्टीला कारण नव्हतं. जपानी अक्षरं का? 'ब्लेड रनर'मध्ये त्याला उत्तर आहे, ते पूर्व आशियाची छाप पडलेलं लॉस एंजेलिस आहे. गावभागात ती पाटी कोण वाचणार?

कारणं शोधणं

दुसऱ्या फेरीत मीड यांची चित्रं बाजूला ठेवली आणि त्यांची कामाची रीत घेतली. २०७५ ची सांगली कशी असेल हा प्रश्न सोडून, सांगलीत आज कशावर काय चढतंय हे बघायचं ठरलं.

गावभागात फिरलं की उत्तर समोरच दिसतं. दगडी जोत्यावरचा जुना वाडा, त्यावर विटांचा मजला, त्यावर पत्र्याची शेड, त्यावर पाण्याची काळी टाकी. सज्जाच्या लाकडी कड्यांना बांधलेल्या केबल, कोरीव खांबाला ठोकलेला मीटर, खिडकीतून बाहेर आलेला कूलर. जुन्यावर नवं चढवण्याची जी कल्पना मीड यांनी कागदावर बेतली, ती इथे कुणी न सांगता अमलात आलेली आहे. भविष्यासाठी फक्त आणखी दोन थर चढवायचे होते.

दुसरं कारण कृष्णा नदी. आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. पाऊस न थांबणाऱ्या लॉस एंजेलिसची ती सिनेमातली गोष्ट नोव्हेंबर २०१९ मध्ये घडते. तीन महिने आधी सांगलीत खऱ्या घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं होतं. इथे भविष्याचा विचार पाण्याला वगळून होऊच शकत नाही. म्हणून ठरलं, की २०७५ च्या सांगलीत तळमजल्यावर कुणी राहत नाही. तळमजला नदीसाठी सोडलेला, दगडी जोती तशीच, आणि वस्ती, दुकानं, रस्ता सगळं वर सरकलेलं. गाड्या उडतात कारण सप्टेंबरपर्यंत खालच्या रस्त्याचा भरवसा नाही.

एवढं ठरल्यावर आराखडा दोन संध्याकाळी उतरला. तीन बाय दोन इंचाची दहा छोटी रेखाटनं केली, एक निवडलं. मग ए-थ्री कागदावर फक्त काळा, करडा, पांढरा या तीन छटांत तेच चित्र. रंग त्यानंतर. मीड अपारदर्शक जलरंगात काम करत. आपल्याकडे चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने वापरलेला पोस्टर कलर त्याच घराण्यातला. गडद थर आधी आणि उजेड शेवटी, ही चाल त्यात सहज जमते. तीन छटांची पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. ती गाळली की पुढे मंडपात दिवे हलवण्यात रात्री जातात, कारण सगळ्यात उजळ जागा कोणती हे कुणी ठरवलेलंच नसतं. इथे ते ठरलं: वाड्याच्या ओसरीवर बसलेला गणपती सगळ्यात उजळ, त्याचा चेहरा त्याहून उजळ, बाकी शहर त्याच्या निम्म्यानेही नाही.

बांधणी

खोलीच्या १४ फुटांची वाटणी अशी: पुढचे ४ फूट खऱ्या मापाचा वाडा, मधले ५ फूट मधला थर, मागचे साडेतीन फूट दूरचा थर आणि शेवटी दीड फूट माणसाला शिरून दुरुस्ती करायला. पहिल्या आराखड्यात ही शेवटची वाट ठेवलीच नव्हती. एक पट्टी विझली तर अर्धा देखावा उतरवावा लागला असता.

मापं सुताराच्या भाषेत ठरवली. मधल्या थराला फुटाला एक इंच, म्हणजे दहा फुटांचा मजला दहा इंचांचा. मागच्या थराला फुटाला दोन सूत (पाव इंच), म्हणजे तोच मजला अडीच इंचांचा आणि चार फुटांची खिडकी एक इंचाची. खऱ्या मापावरून एकदम इंचावर उतरताना सांधा उघडा पडतो. तो वाड्याच्या कमानीने आणि १८ इंच उंच जोत्याने झाकला. मधल्या इमारतींचे पाय कुठे टेकतात हे प्रेक्षकाला दिसतच नाही.

क्षितिजासाठी मागच्या चौकटीवर, रंगमंचापासून बरोब्बर अडीच फुटांवर एक खिळा ठोकला आणि त्याला दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक प्रत्येक इमारतीच्या पुढच्या वरच्या कोपऱ्याला लावायचं, दोरी ज्या उताराने जाते त्या उताराने पुठ्ठा कापायचा. खिडक्यांच्या रांगांनाही तीच दोरी. सांगलीत नेपथ्य बांधणाऱ्यांना ही युक्ती नवी नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावात रंगमंचावर अंतर दाखवण्याचं कसब शोधायला लांब जावं लागत नाही.

थर्माकोल वापरायचा प्रश्न नव्हता, २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे. सांगाडा बांबू आणि १२ मिलिमीटर प्लायचा, इमारती खोक्यांच्या पन्हळी पुठ्ठ्याच्या. पुठ्ठ्याचा वैरी दमट हवा. पहिल्या फेरीत पुठ्ठ्यावर पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलचा हात मारला होता. हा नेहमीचा घोळ आहे: सुकल्यावर तो कडक वाटतो, पण ओलाव्यात परत मऊ होतो, आणि दोन दिवसांच्या झडीने मनोरे कमरेत वाकले. दुसऱ्या वेळी ऑइल पेंटचा प्रायमर दोन्ही बाजूंना आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडांना लावला. पाणी पुठ्ठ्याच्या पन्हळीतून, कडेनेच आत शिरतं.

इमारतींच्या अंगावरचे पाइप, झडपा आणि यंत्रं यांच्यासाठी हॉलिवूडचे मॉडेल बनवणारे प्लास्टिकच्या खेळण्यांच्या किटमधले तुकडे वापरत. इथे तासगावकडच्या द्राक्षबागांतून टाकाऊ ठिबकचं सामान आलं आणि ते किटपेक्षा सरस ठरलं. १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ठिबकची जाड नळी, फुटाला एक इंच या मापात जवळजवळ साडेसात इंची पाइप दिसते, बारीक मायक्रोट्यूब दोन इंची. टी, एल्बो, एंड कॅप, ड्रिपर हे सगळं तयार, हवं तिथे खुपसायचं. जोडीला जुने कीबोर्ड आणि बंद प्रिंटरची आतली चौकट. एक पथ्य पाळलं: प्रत्येक पाइप कुठून तरी निघून कुठे तरी जायला हवा, टाकीपासून न्हाणीपर्यंत, पंपापासून टाकीपर्यंत. नुसते चिकटवलेले तुकडे लांबून कचरा दिसतात. माग काढता येणारा पाइप डोळ्याला पटतो. या एका नियमावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि आमच्या मते देखाव्याचा जीव त्यातच होता.

ओल्या रस्त्याचा प्रश्न वेगळा. पाणी सोडणं विजेमुळे शक्य नव्हतं. प्लायवर आधी मॅट काळा हात, तो पूर्ण सुकू दिला आणि मग फक्त डबक्यांच्या आकारात क्लिअर व्हार्निशचे दोन हात. सगळाच रस्ता चकचकीत केला तर टेबलाचा सनमायका वाटतो. ओलेपणा कळतो तो कोरड्याच्या शेजारी.

उजेड आणि वीज

शहर दूर वाटायला धुकं लागतं. धुराचं यंत्र आणून पाहिलं, उघड्या मंडपात वाऱ्याने धूर सगळा गर्दीवर गेला. मग नाटकातला उपाय केला: थरांच्या मध्ये मच्छरदाणीची करडी जाळी, एकूण दोन पडदे. जाळीवर समोरून उजेड पडला तर ती पांढरी भिंत होते, मागच्या वस्तूवर पडला तर जाळी नाहीशी होऊन नुसतं धुकट अंतर उरतं. त्यामुळे पुढच्या झोतांचा कोन जाळीवर जाणार नाही असा बांधला.

खिडक्या पंचने पाडून मागून बटर पेपर लावला, पट्ट्या खोक्याच्या आतल्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसवल्या, म्हणजे ठिपका न दिसता नुसता उजेड येतो. तीनपैकी एकच खिडकी उजळवली, बाकीच्या काळ्या कागदाने बंद. पेटलेल्यांतही काहींना पिवळं जिलेटीन, काहींना काहीच नाही. सगळ्या खिडक्या पेटलेलं गाव रिकामं वाटतं. मूर्तीला दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशांत ३००० केल्व्हिनचे ९ वॉटचे साधे पिवळसर दिवे. गुलाबी रंग पूर्ण काढून टाकला.

रोज रात्री एक तपासणी होत असे: मोबाइलने फोटो काढायचा, कृष्णधवल करायचा आणि डोळे किलकिले करून बघायचं. नजर आधी मूर्तीकडे गेली नाही तर काहीतरी विझवायचं. चार रात्रींत अकरा दिवे कमी झाले, वाढला एकही नाही.

विजेत एक चूक सर्रास होते. पाच मीटरच्या पट्ट्या एकापुढे एक जोडून एकाच टोकातून वीज द्यायची. इथेही चार जोडल्या होत्या. सुरुवातीची पट्टी तापली आणि शेवटच्या टोकाला उजेड मंदावला, कारण लांब जोडणीत विजेचा दाब (व्होल्टेज) टोकापर्यंत उतरत जातो. मीटरला ६० दिव्यांची साधी पट्टी मीटरमागे ४.८ वॉट खाते, म्हणजे पाच मीटरला २४ वॉट, १२ व्होल्टवर २ अँपियर. एकूण नऊ रोल होते. १० अँपियरचे तीन एसएमपीएस, म्हणजे घरची वीज १२ व्होल्टवर आणणारे डबे, घेऊन प्रत्येकावर तीनच रोल, म्हणजे ६ अँपियर ठेवले आणि प्रत्येक रोलला एसएमपीएसपासून वेगळी तार ओढली. एसएमपीएस जमिनीपासून चार फूट वर, हवा खेळेल असे. महावितरणची तात्पुरती जोडणी, वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी आणि खरं अर्थिंग, यांवर पहिल्या दिवसापासून कुणी तडजोड केली नाही.

वडाप

उडती गाडी कशी असावी यावर सगळ्यात जास्त वाद झाला. पोरांना सिनेमातल्यासारखी हवी होती. पण गाडीत बसतं कोण आणि जातं कुठे, हे विचारलं की सांगली-सातारा पट्ट्यात उत्तर एकच: वडाप. ठरलेल्या मार्गावर माणसं भरेपर्यंत थांबणारं, मग निघणारं. फुटाला एक इंच मापात ते चौदा इंच लांब झालं. पुढचं तोंड तीनचाकी रिक्षाचं, खाली चाकांऐवजी चार पंखे, टपावर कांद्याची पोती, मागच्या फळीवर दांडी धरून उभा असलेला एक माणूस. दार डावीकडेच, कारण माणसं डावीकडून चढतात.

पत्रा चमकता दिसायला मीड यांच्या चित्रांत सतत दिसणारी चाल घेतली. वरच्या भागात आकाशाचा गार निळा, खालच्या भागात जमिनीचा उबदार तपकिरी आणि दोन्हींच्या मध्ये क्षितिजाची एक बारीक गडद रेघ. चंदेरी रंगाचा थेंबही लागला नाही, तरी दहा फुटांवरून पत्रा पॉलिश केलेला वाटला.

गोल फिरणारी मोटर काढून टाकली, गोल फिरणारं वाहन जत्रेतला पाळणा वाटतं. त्याऐवजी मोटारीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर, हळू वेगाला मिनिटाला साधारण ४५ फेरे, आणि तिला ३ सेंटिमीटर व्यासाची पुली. दोरी सेकंदाला सातेक सेंटिमीटर सरकते आणि ९ फुटांचा पल्ला वडाप ३८ सेकंदांत कापतं. वाटेत ते दोनदा इमारतीमागे जातं. दिसेनासं होऊन पुन्हा उगवल्यावरच ते खरोखर कुठेतरी निघालंय असं वाटतं. परतीची दोरी मागच्या थराआडून. वडाप टांगायला वापरलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, मागच्या उजेडात चांदीसारखी चमकत होती, तिला मार्करने मॅट काळं केलं.

पाटी

जपानी पाट्यांच्या जागी हळदीच्या अडत दुकानाची, भडंगाची, सायकलच्या पंक्चरची अशा पाट्या आल्या. कमानीशेजारी पी-टेनचं, म्हणजे एलईडी ठिपक्यांत अक्षरं दाखवणाऱ्या पाटीचं, एक मॉड्यूल लावून त्यावर 'आयर्विन पूल' आणि पाण्याची पातळी दाखवायचं ठरलं. शोभेसाठी कार्यकर्त्यांनी त्यात आकडा टाकला: ४१ फूट ६ इंच.

देखावा पाचव्या दिवशी खुला झाला. त्या रात्री एक म्हातारे गृहस्थ पाटीपुढे थबकले, खिशातून फोन काढून घरी लावला आणि खालचं सामान वर घ्यायला सांगू लागले. इशारा पातळीच्या वरचा आकडा होता तो, आणि बाहेर पाऊस. कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्ची दिली, समजावलं आणि पाटी लगेच बंद केली.

दुसऱ्या दिवसापासून पाटीवर खरा आकडा लागला. सकाळी आणि संध्याकाळी एक पोरगा पुलावरची पातळी बघून यायचा आणि मोबाइलवरून पी-टेनमध्ये भरायचा. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली, की तो दुपारचीही एक फेरी मारायचा. विसर्जनापर्यंत शेजारपाजारचे लोक दर्शनाला आले, की आधी गणपतीला हात जोडायचे, मग पाटीकडे बघायचे. देखावा उतरवल्यावर पुठ्ठे रद्दीत गेले, ठिबकचं सामान पोत्यात भरून ठेवलं. पी-टेनचं मॉड्यूल मात्र कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मागून घेतलं आणि ऑक्टोबर संपेपर्यंत ते त्याच्या शटरवर लागलेलं होतं.